पूर्ण नावाचा शिरस्ता

पेशवे दफ्तरातील जमिनीसंबंधीचा एखादा कागद हाती घेतला, तर त्यात गावाचे नाव सहसा एकटे येत नाही. ‘मौजे अमुक, तर्फ अमुक, प्रांत अमुक’ अशी त्याची ओळख पुरती करून मगच कारकून पुढच्या मजकुराकडे वळतो. गाव कोणते हे त्या कारकुनाला ठाऊक असे आणि ज्याच्या नावे कागद व्हावयाचा त्यालाही ठाऊक असे. परंतु हाच कागद कधी काळी, दोघेही हयात नसताना, तिसऱ्याच माणसासमोर पुराव्यादाखल यावयाचा आहे आणि वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी, वडगाव मावळ अशी एका नावाची अनेक गावे एकट्या पुण्याच्या आसमंतातच आहेत, ही जाणीव त्या शिरस्त्याच्या मुळाशी होती. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढेही गेल्या पाऊणशे वर्षांत नेमका हाच प्रश्न उभा राहिला. तो त्यांनी कोठे सोडविला, कोठे टाळला आणि टाळल्याची किंमत कोणाला द्यावी लागली, याचा इतिहास त्या व्यवसायाबाहेर फारसा कोणी सांगत नाही. वास्तविक लिखित मजकुराची स्पष्टता ज्यांना मोलाची वाटते अशा सर्वांनीच तो जाणून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

६ मे १९४९ रोजी केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या यंत्राने आपली पहिली आज्ञावली चालविली. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांच्या लवकरच ध्यानात आले की, वर्गमूळ काढणे, आकडे छापणे, कोनांची गुणोत्तरे काढणे ही कामे प्रत्येक गणितात पुन्हा पुन्हा येतात. तेव्हा ती एकदाच नीट लिहून, छिद्रित कागदी फितींवर उतरवून, संग्रहात ठेवावीत आणि ज्याला जी लागेल ती त्याने आपल्या फितीत नकलून घ्यावी. या संग्रहाची हकीकत त्यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर दिली आहे. संग्रहातील प्रत्येक तुकड्याची ओळख म्हणजे विषयाचे एक अक्षर आणि त्यापुढे एक क्रमांक, छपाईसाठी ‘पी’, त्रिकोणमितीसाठी ‘टी’, इतकीच होती आणि तेवढी पुरतही होती. नावे ठेवणारे आणि नावे वाचणारे एकाच प्रयोगशाळेत वावरत होते, एकमेकांना ओळखत होते, आणि एका नावाचे दोन तुकडे संग्रहात शिरण्याचा संभवच नव्हता.

संग्रह जेव्हा एका प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेर पडला, तेव्हा अडचणींना आरंभ झाला. १९५७ मध्ये आयबीएम कंपनीतील जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही भाषा सिद्ध केली; तिच्यात कोणतेही नाव सहा अक्षरांपलीकडे जाऊ शकत नसे, कारण आयबीएम ७०४ या यंत्राच्या छत्तीस बिटांच्या एका शब्दात सहा-सहा बिटांची सहाच अक्षरे मावत. यंत्राच्या एका शब्दाची ही रुंदी लेखनाच्या रीतीवर केवढा अंमल गाजवू शकते, हे पुढील काळाने दाखविले. बत्तीस वर्षांनंतर, १९८९ मध्ये, सी भाषेचे प्रमाणीकरण झाले तेव्हाही एका फायलीतून दुसरीत जाणाऱ्या नावाची पहिली सहाच अक्षरे लक्षात घेतली जातील आणि त्यांत लहान-मोठ्या लिपीचा भेद पाळला जाईलच असे नाही, एवढीच हमी प्रमाणकाराला देता आली. ‘एसटीआरसीपीवाय’सारखी स्वर गाळलेली जी नावे आजही सी शिकणाऱ्याला बुचकळ्यात टाकतात, ती या टंचाईच्या काळातील आहेत. शिवाय सी मध्ये बाहेर दिसणारी सारी नावे एकाच मोकळ्या जागेत नांदत असल्यामुळे प्रत्येक लायब्ररीच्या कर्त्याने आपल्या नावांच्या आरंभी ‘एसडीएल’, ‘जीटीके’ अशी खुणेची अक्षरे जोडण्याची चाल पाडली. भाषेने जी सोय द्यावयास हवी होती, ती लिहिणाऱ्यांनी अशा रीतीने हस्ताक्षराच्या शिस्तीतून उभी केली.

व्यापारी हिशेबासाठी १९६० मध्ये अवतरलेल्या कोबोल भाषेने मात्र हा प्रश्न आरंभीच ओळखला होता. पगारपत्रकात कर्मचाऱ्याचे नाव असते आणि उधारीच्या खात्यात ग्राहकाचेही नाव असते. तेव्हा दोन्ही ठिकाणी ‘नेम’ हाच शब्द योजण्याची मुभा ठेवून, वापरताना ‘नेम ऑफ एम्प्लॉयी’ किंवा ‘नेम ऑफ कस्टमर’ असे लिहिण्याची सोय कोबोलने दिली, आणि नुसत्या ‘नेम’वरून कोणते ते ठरत नसेल तर आज्ञावली फेटाळण्याचा नियम केला. संदिग्ध नाव स्वीकारावयाचे नाही आणि अंदाजाने अर्थ लावावयाचा नाही, हे तत्त्व इतक्या लवकर आणि इतक्या साध्या शब्दांत मांडले गेले होते, याची दखल कोबोलला हिणविणाऱ्या पुढच्या पिढीने क्वचितच घेतली.

साठीच्या दशकाच्या अखेरीस आज्ञावल्या इतक्या विस्तारल्या की, एका माणसाच्या डोक्यात त्या मावेनाशा झाल्या. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत या संकटाची उघड चर्चा झाली. १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की, आज्ञावलीचे भाग पाडताना कामाचा क्रम पाहू नये, तर पुढे बदलण्याचा संभव असलेला एकेक निर्णय एकेका भागाच्या पोटात दडवावा; पुढच्याच वर्षी विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी सर्वत्र दिसणाऱ्या नावांवर टीका करून, असे नाव ज्या ओळीत येते ती ओळ तिच्या जवळचा मजकूर वाचून समजू शकत नाही, हा दोष उघड केला. आज्ञावलीला कुंपणे हवीत, हे यानंतर बहुतेकांना मान्य झाले. कुंपणाबाहेरच्या वस्तूचा उल्लेख कसा करावयाचा, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला, आणि पुढची पन्नास वर्षे खरा वाद त्याच्यावरच झाला.

झुरिचच्या तंत्रविद्यापीठातील प्राध्यापक निकलाउस विर्थ यांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे फार उद्बोधक आहेत. १९७६-७७ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात एक वर्ष काढले, तेथे मेसा ही भाषा पाहिली, आणि परतल्यावर मोड्युला-२ ची रचना केली. तिच्यात दोन वाटा होत्या. संबंध ‘इनआउट’ हा विभाग आयात करावा आणि प्रत्येक ठिकाणी ‘इनआउट.राइटस्ट्रिंग’ असे पूर्ण लिहावे, ही पहिली; आरंभीच ‘इनआउटमधून राइटस्ट्रिंग घेतले आहे’ असे नमूद करून पुढे नुसते ‘राइटस्ट्रिंग’ लिहावे, ही दुसरी. दुसऱ्या वाटेतही घेतलेल्या प्रत्येक नावाची नोंद करावीच लागे. सरसकट सारे घेण्याची सोय नव्हती. दहा वर्षांनंतर त्यांनी ओबेरॉन ही भाषा रचली, तेव्हा ही दुसरी वाटही त्यांनी बंद केली. ओबेरॉनमध्ये परक्या विभागातील प्रत्येक नाव त्या विभागाच्या नावासहच लिहावे लागते. फार तर लांबलचक विभागनामाला आयातीच्या ओळीतच एखादे आटोपशीर नाव देता येते. अनुभवाबरोबर सवलती वाढविण्याचा मोह बहुतेक भाषाकारांना होतो. विर्थ यांनी मात्र अनुभवाअंती एक सवलत काढून घेतली, आणि ती वाचणाऱ्याच्या बाजूने काढून घेतली.

त्याच सुमारास अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या नानाविध यंत्रणांसाठी एकच भाषा असावी म्हणून एडा ही भाषा करवून घेतली. ज्याँ इशबिया यांच्या मार्गदर्शनाखाली ती सिद्ध झाली आणि १९८३ मध्ये तिचे प्रमाणरूप निश्चित झाले. लेखनाच्या सोयीपेक्षा वाचनाची सुगमता श्रेष्ठ मानावी, असा संकल्प तिच्या कर्त्यांनी जाहीरपणे केला होता, कारण शस्त्रांच्या आणि विमानांच्या आज्ञावल्या दशकानुदशके जगतात व त्यांची देखभाल मूळ लेखकाच्या हाती राहत नाही. एडामध्ये ‘विथ’ या शब्दाने एखादे पॅकेज उपलब्ध होते आणि ‘यूज’ या शब्दाने त्यातील सारी नावे उपपदाशिवाय वापरण्याची परवानगी मिळते. या ‘यूज’वरून एडाच्या वर्तुळात दीर्घकाळ वाद चालला आणि अनेक प्रकल्पांच्या लेखननियमांत त्याला सक्त मनाई करण्यात आली. परंतु मनाई केल्यावर दुसरी अडचण पुढे आली: एखाद्या पॅकेजने आपल्या राशींसाठी बेरजेचे चिन्ह ठरविले असेल, तर ‘यूज’वाचून साधी बेरीजसुद्धा पॅकेजचे नाव, टिंब, अवतरणात बेरजेची खूण आणि मग कंसात दोन राशी अशा ओबडधोबड रूपात लिहावी लागे. १९९५ च्या आवृत्तीत ‘यूज टाइप’ ही मर्यादित परवानगी आणून, केवळ चिन्हे मोकळी करावीत आणि नावे बांधलेलीच ठेवावीत, असा मध्यम मार्ग काढण्यात आला. पूर्णोल्लेखाचा आग्रह कोठवर धरावा, याची मर्यादाही या प्रकरणाने दाखवून दिली.

हा सर्व वाद तोपर्यंत तज्ज्ञांचा होता. तो घरोघर पोहोचविला जावाने. जानेवारी १९९६ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावाची पहिली आवृत्ती प्रसृत केली. जगात कोठेही लिहिलेली दोन नावे आदळू नयेत म्हणून पॅकेजच्या नावाआधी संस्थेचा इंटरनेटवरील पत्ता उलट क्रमाने लिहावा, असा संकेत तिच्या कर्त्यांनी घालून दिला, ‘ऑर्ग.अपाची’ किंवा ‘कॉम.सन’ अशी नावे त्यातूनच आली. नावे इतकी लांब झाल्यावर ती प्रत्येक ओळीत लिहिणे अशक्य, म्हणून दोन प्रकारच्या इम्पोर्टची योजना झाली. एका प्रकारात वर्गाचे पूर्ण नाव एकदा नमूद करावयाचे. दुसऱ्यात पॅकेजच्या नावापुढे तारांकन घालून त्यातील सारे सार्वजनिक वर्ग गरजेप्रमाणे मिळतील असे जाहीर करावयाचे. पडद्यावर खिडक्या आणि बटणे दाखविणाऱ्या त्या काळच्या असंख्य आज्ञावल्यांच्या माथ्यावर ‘जावा.एडब्ल्यूटी’ आणि ‘जावा.युटिल’ या दोन पॅकेजांची तारांकित इम्पोर्टे एकाखाली एक दिसत. पहिल्यातून खिडक्या, बटणे आणि निवडीची यादी दाखविणारा ‘लिस्ट’ हा वर्ग येई. दुसऱ्यातून ‘व्हेक्टर’, ‘हॅशटेबल’, ‘डेट’ अशा उपयोगी वस्तू येत. दोहोंत समान नाव एकही नसल्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

डिसेंबर १९९८ मध्ये जावाची १.२ ही आवृत्ती आली. तिच्यात जोशुआ ब्लॉक यांनी रचलेला, वस्तूंच्या संग्रहांसाठीचा एक नवा आणि गुणवान संच ‘जावा.युटिल’मध्ये दाखल झाला, आणि क्रमवार संग्रहाला त्यांनी जे नाव दिले तेही ‘लिस्ट’ हेच होते. झाले! ज्या आज्ञावलीत दोन्ही तारांकने होती आणि पडद्यावरची यादी नुसत्या ‘लिस्ट’ या नावाने केलेली होती, ती आज्ञावली नव्या कंपायलरपुढे, म्हणजे तिचे यंत्रासाठी भाषांतर करणाऱ्या साधनापुढे, ठेवताच, ‘लिस्ट’ हा उल्लेख संदिग्ध आहे, असे कळवून कंपायलर थांबू लागला. लेखकाने एक अक्षरही बदललेले नव्हते; कालपर्यंत निर्दोष असलेला मजकूर आज दुसऱ्या कोणाच्या कृतीमुळे सदोष ठरला होता. ज्याने आरंभीच ‘जावा.एडब्ल्यूटी.लिस्ट’ असे पूर्ण नाव नमूद केले होते त्याला मात्र काहीच झाले नाही, कारण नावनिशीवार इम्पोर्ट तारांकनावर मात करते असा जावाचा नियम आहे. आणि ज्यांना झळ लागली त्यांच्या दुरुस्तीलाही तीच एक ओळ पुरली.

या घटनेतील एक बारीक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. जुन्या कंपायलरने आधीच भाषांतरित करून ठेवलेल्या त्याच आज्ञावल्या नव्या आवृत्तीवर बिनतक्रार चालत राहिल्या. कारण कंपायलर यंत्रासाठी जी फाईल तयार करतो, तिच्यात प्रत्येक वर्गाचे नाव पॅकेजसह पूर्ण लिहिलेले असते. तारांकनाचा तेथे मागमूसही उरत नाही, आणि त्यामुळे चालण्याच्या वेगातही रतीभर फरक पडत नाही. म्हणजे यंत्राने स्वतःच्या दफ्तरी पूर्ण नावाचा शिरस्ता कधीच सोडला नव्हता. संदिग्धता फक्त माणसांनी माणसांसाठी ठेवलेल्या प्रतीत शिरली होती. तारांकनाची उणीव नेमकी येथे आहे: ते आज पॅकेजमध्ये असलेल्या नावांना परवानगी देते आणि त्याबरोबर अद्याप जन्माला न आलेल्या नावांनाही आगाऊ परवानगी देऊन बसते. मार्च २०२० मध्ये जावा १४ ने ‘रेकॉर्ड’ हा नवा वर्ग, पुढे कायम करण्याच्या इराद्याने, ‘जावा.लँग’ या प्रत्येक आज्ञावलीत आपोआप येणाऱ्या पॅकेजमध्ये घातला, तेव्हा स्वतःचा ‘रेकॉर्ड’ तारांकनाने आणणाऱ्यांच्या वाट्याला दोन दशकांपूर्वीचाच अनुभव पुन्हा आला.

जावाचा कंपायलर निदान थांबतो आणि विचारतो. प्रत्येक भाषा इतकी सावध नसते. ॲमस्टरडॅमच्या गणितसंशोधन संस्थेत ग्विदो व्हॅन रॉसम यांनी घडविलेल्या आणि १९९१ मध्ये प्रथम प्रसृत झालेल्या पायथॉनमध्ये तारांकित इम्पोर्टने आलेले नाव त्याच नावाच्या आधीच्या वस्तूला मुकाट्याने बाजूला सारते. पायथॉनचे स्वतःचे ‘सम’ हे बेरजेचे साधन आहे. शून्य ते चार हे आकडे आणि पुढे उणे एक असे त्याला दिले, तर उणे एकापासून आरंभ करून ते बेरीज नऊ सांगते. परंतु वरच्या बाजूला न्यूमपाय या गणिती लायब्ररीचे तारांकित इम्पोर्ट असेल, तर तीच ओळ न्यूमपायच्या ‘सम’कडे जाते; ते उणे एकाचा अर्थ ‘शेवटच्या अक्षावर बेरीज कर’ असा घेते आणि उत्तर दहा देते. कोठेही चूक नोंदली जात नाही, कोणतीही सूचना येत नाही. केवळ उत्तर निराळे येते. पायथॉनच्या अधिकृत पाठमालेतही ‘ओएस’ विभागाबाबत असाच इशारा दिलेला आहे, कारण त्यातील ‘ओपन’ फाईल उघडण्याच्या नेहमीच्या ‘ओपन’हून अगदी भिन्न रीतीने वागते. जुलै २००१ मध्ये नोंदलेल्या पायथॉनच्या लेखनसंहितेने तारांकित इम्पोर्ट टाळण्यास सांगितले, आणि कारण म्हणून, कोणती नावे आज्ञावलीत आली आहेत हे वाचकाला व तपासणीच्या साधनांना कळेनासे होते, एवढेच पुढे केले. न्यूमपाय वापरणाऱ्यांनी ‘एनपी’ या दोन अक्षरी उपपदाचा जो सार्वत्रिक रिवाज पाडला, तो याच वृत्तीचे सर्वांत सुंदर फळ होय: दोन अक्षरे आणि एक टिंब, एवढ्या अल्प खर्चात कुळाची ओळख पटते.

सी++ च्या इतिहासाशी महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांचा प्रत्यक्ष संबंध आला आहे. १९९८ च्या प्रमाणीकरणाने त्या भाषेची सारी प्रमाण नावे ‘एसटीडी’ या नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या स्वतंत्र कुंपणात, नेऊन ठेवली. परंतु आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्यानंतरही दीर्घकाळ बोरलँडचे टर्बो सी++ चालत राहिले, आणि ते त्या प्रमाणीकरणापूर्वीचे असल्यामुळे नेमस्पेस ही वस्तूच त्या विद्यार्थ्यांना भेटली नाही. पुढे नव्या कंपायलरवर जुन्या वहीतील आज्ञावली चालेना, तेव्हा ‘युझिंग नेमस्पेस एसटीडी’ ही, त्यातील सारी नावे उपपदाशिवाय मोकळी करणारी, एक ओळ वर लिहिली की सारे सुरळीत होते, इतकेच त्यांना सांगण्यात आले, आणि ती ओळ अर्थ न जाणता लिहिण्याची सवय पुढच्या पिढ्यांनी उचलली. तिचा परिणामही कालांतराने दिसला. २०१७ च्या प्रमाणरूपाने ‘एसटीडी’मध्ये ‘डेटा’ आणि ‘साइझ’ ही नावे घातली. २०२१ मध्ये जीसीसी कंपायलरच्या अकराव्या आवृत्तीने ते प्रमाणरूप गृहीत धरण्यास आरंभ केला. आणि ‘डेटा’ या नावाचा सर्वत्र दिसणारा चल ठेवून वर ती ओळ लिहिणाऱ्यांच्या आज्ञावल्या संदिग्धतेच्या कारणाने फेटाळल्या जाऊ लागल्या.

तारांकनाच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. यंत्रापुढे बसून एकेक गणित करून पाहणाऱ्या संशोधकाला प्रत्येक ज्या-कोज्येपूर्वी उपपद लिहावयास लावणे जाचक होते. त्याचा मजकूर संध्याकाळी पुसला जाणार असतो. चाळीस इम्पोर्टांची रांग आज्ञावलीच्या माथ्यावर उभी राहिली, तर वाचक ती ओलांडून जातो आणि नोंद करण्याचा हेतूच विफल होतो. शिवाय इंटेलिजे आयडियासारख्या संपादकांनी नावे आपोआप नोंदण्याचे आणि ती रांग मिटून ठेवण्याचे काम अंगावर घेतल्यापासून जुना वाद काहीसा निवळला. गंमत अशी की, एकाच पॅकेजमधील पाच वर्ग झाले की इंटेलिजे मूळ मांडणीत आपण होऊन तारांकन घालतो, तर एक्लिप्सने तीच मर्यादा नव्व्याण्णववर ठेवली. सप्टेंबर २०२५ च्या जावा २५ ने तर संबंध मोड्यूल एका ओळीत आयात करण्याची सोय कायम केली, आणि तीत मुख्य दृष्टी नवशिक्यांवर व छोट्या आज्ञावल्यांवर आहे.

तरीसुद्धा दीर्घायुषी मजकुराच्या बाबतीत नव्या भाषांचा कौल स्पष्ट आहे. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेत परक्या पॅकेजमधील नाव पॅकेजच्या नावासहच लिहिण्याची रीत आहे, आणि वापर नसलेले इम्पोर्ट ठेवणे हीच चूक मानली जाते. २०१५ च्या प्रमाणरूपात जावास्क्रिप्टला विभाग मिळाले तेव्हा तारांकन ठेवले गेले, परंतु ‘अमुक नावाखाली’ असे उपपद दिल्याशिवाय ते लिहिताच येत नाही. सर्व काही घ्या, पण घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर मूळ घराण्याचे नाव राहू द्या, असा हा तोडगा मला अत्यंत समंजस वाटतो. संपादक कितीही हुशार झाला, तरी सहकाऱ्याने केलेला बदल तपासताना, पुस्तकातील छापील आज्ञावली वाचताना, किंवा रात्री बंद पडलेल्या यंत्रणेची नोंदवही चाळताना तो हाताशी नसतो. त्या वेळी कागदावर जे लिहिले आहे त्यावरच अर्थ लावावा लागतो.

म्हणून या इतिहासातून निघणारा निष्कर्ष व्यवहाराच्या भाषेत असा सांगता येईल: ज्या आज्ञावलीचे आयुष्य लेखकाच्या आठवणीपेक्षा लांब असेल, तिच्यात परक्या नावांची नोंद नावनिशीवार करावी, जेथे नावे फार असतील तेथे आटोपशीर पण सर्वांना परिचित उपपद ठरवून ते शेवटपर्यंत पाळावे, आणि तारांकन क्षणजीवी प्रयोगांपुरते राखून ठेवावे. हा संस्कार नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एखाद्या कंपनीच्या नियमपुस्तकातून होण्याची वाट पाहू नये. आमच्या महाविद्यालयांतील अध्यापकांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला ‘एसटीडी’ आणि पुढे विसर्गासारख्या दोन खुणा लिहावयास लावाव्यात, त्या का लिहावयाच्या ते सांगावे, आणि त्याची वही तपासताना उत्तराबरोबर नावांची स्पष्टताही गुणांस पात्र धरावी.